जावईबापूंचा डावा पाय

हर्षालीच्या हातात मार्कर होता आणि पुढ्यात महेशचा डावा पाय. पलंगावर तो पालथा पडला होता. डावी पोटरी उघडी, पाऊल कडेबाहेर लोंबतंय, आणि उजवा पाय मात्र त्यानं चादरीखाली दडवून ठेवलेला. उजव्या तळव्याला त्याला फार गुदगुल्या व्हायच्या, नुसतं लांबून बोट दाखवलं तरी. त्यामुळे शनिवार दुपारपासून बायकोचा सगळा अभ्यास डाव्या पायावर चालला होता.

“हलू नका हो! धमनी वाकडी गेली.”

“चित्रातली की माझी?”

“चित्रातली.”

“नक्की ना? मला आत काहीतरी खेचल्यासारखं झालं.”

महेशचं हे असंच. आडगाव नाक्याजवळच्या त्यांच्या फ्लॅटमधून निघताना तो गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचा. मग खाली उतरल्यावर, तिसऱ्यांदा बघताना आपल्याच हातून तो चालू तर झाला नाही ना, म्हणून चौथ्यांदा वर यायचा. अशा माणसाला काळजीला कारण लागत नाही. पण या खेपेला कारण होतं, आणि चांगलं दांडगं होतं.

हर्षाली फिजिओथेरपी शिकत होती. पहिल्या वर्षाचे बाकीचे विषय सुटले, अॅनाटॉमी राहिली. तोंडी परीक्षेत सरांनी तिच्या हातात प्लास्टिकचा पाय दिला होता आणि तळव्यातल्या नसा दाखव म्हणाले होते. तिनं घडाघडा दाखवल्या. सर मान हलवत राहिले, ती आडवी. “एक शब्द चुकले नाही हो मी,” ती अजून म्हणायची, “सगळं पुस्तकातल्यासारखं सांगितलं. त्यांचाच मूड खराब होता.” आता सोमवारी सकाळी फेरपरीक्षा होती.

आणि ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. निकालाच्या दिवशी हर्षालीनं निफाडजवळच्या वस्तीवर वडिलांना फोन केला होता. “नाना, निकाल लागला,” एवढंच ती बोलली. ‘एक विषय राहिला’ हे म्हणायला तिनं श्वास घेतला, तेवढ्यात खंडेरावांनी फोन तसाच हातात धरून अख्ख्या वस्तीला हाळी दिली, “पोरगी पास झाली रे!” संध्याकाळपर्यंत पाच किलो पेढे वाटून झाले. पहिला पेढा त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या, नवसाबाईच्या तोंडात कोंबला. कारण ‘लग्न झालेल्या पोरीला कशाला हवंय शिक्षण, एक दिवस तोंडावर पडंल’ हे भाकीत नवसाबाईंचं होतं. पेढे परत कसे मागणार? हर्षाली गप्प बसली ती बसलीच. सोमवारी पास झालं की सगळंच मिटणार होतं. तोवर निफाडला कुणकुण लागता कामा नये, हे तिनं महेशकडून देवासमोर वदवून घेतलं होतं. तेव्हापासून महेशची झोप उडाली होती, कारण कामावर जाताना रोज सासुरवाडीवरूनच जावं लागायचं.

कामाला तो विंचूरच्या एका वाइन कारखान्यात होता. टाक्यांच्या नोंदी ठेवायचा. पायावर चित्र काढायला हर्षालीनं आधी स्केचपेनं आणली होती, पण काळजीनं महेशच्या तळव्यांना घाम सुटे आणि दहा मिनिटांत धमन्या, शिरा, नसा सगळ्या एक होऊन चादरीवर उतरत. शेवटी त्यानंच डोकं लढवलं आणि कारखान्यातून तीन मार्कर आणले. लाल वाइनच्या टाकीवर लिहायचा लाल, पांढऱ्या वाइनच्या टाकीवरचा पिवळा आणि धुऊन ठेवलेल्या टाकीवरचा निळा. धमनी लाल, नस पिवळी, शीर निळी. “देवानंच जुळवून आणलंय बघ,” तो म्हणाला होता.

पाच वाजता चित्र पुरं झालं. गुडघ्यामागून निघालेल्या रेघा पोटरीतून उतरत घोट्याच्या आतल्या बाजूनं वळल्या होत्या आणि तळव्यात जाऊन फाकल्या होत्या. जागोजागी एक ते अकरा आकडे होते. हर्षाली पुस्तक आणि पाय आळीपाळीनं बघत म्हणाली, “अगदी सेम टू सेम आलंय.” आणि तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

“हर्षे, पुढच्या रविवारी आत्याला देवाला जायचंय. म्हणून म्हणलं, तुमचा धोंडा उद्याच करून टाकू. सकाळी दहाला या. जावईबापूंना सांग.”

हर्षालीच्या हातातलं टोपण खाली पडलं.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि लग्नानंतरचा हा पहिलाच. त्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खायला घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. आणि त्याच्याही आधी त्याला पाटावर बसवून, परातीत पाय ठेवायला लावून, सासू-सासऱ्यांनी ते धुवायचे. दोन्ही पाय, उघडे, सगळ्या घरासमोर.

“नाही म्हणून सांग,” महेश उठून बसला.

“काय कारण सांगू? कॉलेजला सुट्टी आहे हे त्यांना माहितीय.”

“मग हे पुसू. आहे काय त्यात.”

साबणानं काही झालं नाही. मग खोबरेल तेल झालं, लिंबू झालं, टूथपेस्ट झाली. वजरीनं टाच घासली तेव्हा कातडी निघाली, रेघ तिथंच. नेलपॉलिश काढायच्या बाटलीनं निळा रंग किंचित पसरला आणि शिरा फुगल्यासारख्या दिसायला लागल्या. आठ वाजता महेशनं कारखान्याच्या स्टोअरकीपरला, सहादूला फोन लावला.

“सहादू, त्या टाकीवरच्या मार्करची शाई कशानं जाते रे?”

“साहेब, तिला केमिकल हे आपल्याकडं. पत्र्यावर एक नंबर चालतं.”

“कातडीवर?”

“कातडी जाईल की, साहेब.”

“आणि तसंच ठेवलं, तर किती दिवस टिकते?”

“टाकीवर दोन हंगाम जात नाय.”

“आणि पायावर?”

“पायावर आजवर कुणी लिहिलं नाय, साहेब,” सहादू म्हणाला.

रविवारी सकाळी हर्षालीनं तोडगा काढला. कॉलेजमध्ये शिकलेली सगळी विद्या पणाला लावून तिनं गुडघ्यापासून बोटांपर्यंत लवचिक पट्टी बांधली. इतकी सुबक की पाय खरंच मोडलाय असं महेशला वाटायला लागलं.

“पाय मुरगळलाय म्हणायचं. एवढंच. जास्त बोलू नका, तुम्हाला खोटं जमत नाही.”

“कुठं मुरगळला म्हणू?”

“जिन्यात.”

“कितव्या पायरीवर?”

“कोण विचारतंय पायरी!”

चांदोरी मागं टाकेपर्यंत त्यानं सातवी पायरी नक्की केली. निफाड आल्यावर त्याला शंका आली की सातव्या पायरीवर तर जिन्याचा वळसा आहे, तिथं माणूस पडला तर उजव्या पायावर पडेल. त्यानं नववी केली. वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागेपर्यंत पट्टीच्या आत पायाला घामाचा धबधबा सुटला होता.

खंडेराव दारातच उभे होते. द्राक्षबागेत उभा जन्म काढलेला माणूस, धोतर पांढरंशुभ्र, मिशा पिळलेल्या. जावई वाइनच्या कारखान्यात आहे हे त्यांना मनातून कधी रुचलं नव्हतं. वस्तीवर ते ‘ज्यूसच्या कंपनीत हे’ असंच सांगायचे. त्यांची नजर आधी जावयाच्या तोंडावर गेली, मग लंगडण्यावर.

“काय झालं जावईबापू?”

“नववी पायरी,” महेश म्हणाला.

“पाय मुरगळलाय नाना,” हर्षाली घाईनं म्हणाली. “काही विशेष नाही. दोन दिवसांत बरा होईल.”

“दोन दिवस कशाला?” आतून आवाज आला आणि पाठोपाठ नवसाबाई आल्या. हर्षालीची ही आत्या दोन्ही हातांना आधीच तेल चोळत होती. “मी काय मेले का? मुरगळलेला पाय म्हणजे माझ्या हातचा मळ. एक झटका दिला का जावई पळत सुटतोय बघ.”

नवसाबाईंची ही ख्याती त्यानं ऐकली होती. त्यांच्या झटक्यानंतर माणसं खरंच पळत सुटायची, पण बरी होऊन की भीतीनं हे कुणी विचारलं नव्हतं.

“नको आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय पट्टी सोडायची नाही,” हर्षाली म्हणाली.

“कुठला डॉक्टर? तूच तर डॉक्टरीण व्हायला लागली ना?” नवसाबाई हसल्या. त्या हसण्यात पेढ्याची जुनी आठवण होती.

ओसरीत पाट मांडले होते. हर्षालीची आई सगुणाबाई पितळी परात आणि कोमट पाण्याची घागर घेऊन आली. बाजूला ताटात हळद, कुंकू, निरांजन. शेजारचा केरू, ज्याला कुठल्याही घरच्या धोंड्याला आमंत्रण लागत नसे, खांबाला टेकून बसला होता. महेशनं उजवा पाय परातीत ठेवला आणि डावा मांडीखाली घ्यायला बघितला.

“एकच पाय?” सगुणाबाईचा चेहरा उतरला. “असं कसं बाई? लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून पुजतो आपण. नारायण अर्धाच धुवायचा?”

“वरवर पाणी शिंपडा मामी,” महेशनं सुचवलं. “मनोभावे शिंपडलं की पोचतं.”

“पट्टीला शिंपडू?”

“तेच म्हणते मी,” नवसाबाई पुढं सरसावल्या. “आधी पट्टी काढा, मी पाय सरळ करते, मग धुवा, मग जेवा. धोंडे गार होऊन राहिले.”

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पट्टीचं टोक धरून ओढलं. हर्षालीनं बांधली होती सुबक, त्यामुळे सुटलीही सुबकच. सरसर वेढे उलगडत गेले, गुडघ्याखालून पोटरी, पोटरीखालून घोटा, घोट्याखालून तळवा. घामानं चकचकणारा पाय सकाळच्या उन्हात लाल, निळा, पिवळा असा उघडा पडला.

नवसाबाईंच्या हातून पट्टी गळाली. “अगं बया!”

सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. खंडेराव परातीपाशी उकिडवे बसले होते, ते तसेच मागं बसते झाले. हर्षालीनं डोळे मिटले.

“शिरा फुटल्या!” केरू खांबापासून उठला. “सगळ्या वर आल्या! आणि हे आकडे बघा. एक, दोन, तीन... दवाखान्यात टाकतात हे. कुठनं कापायचं त्याचे नंबर हेत!”

“कापायचं?” सगुणाबाईनं हंबरडा फोडला. “माझ्या पोरीचं कसं होणार?”

“माझ्या पायाचं कसं होणार ते बघा आधी,” महेश म्हणाला. खरं म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं, मार्करही त्यानंच आणले होते. पण एवढी माणसं एवढ्या खात्रीनं बोलताना ऐकून त्याला खरंच पोटरीत ठणकायला लागलं.

“आता कळलं,” खंडेराव जड आवाजात म्हणाले. “लाल वाइन, पांढरी वाइन. चाखून चाखून पायात उतरली.” आणि ताबडतोब केरूकडं बघून, “म्हंजे ज्यूस. ज्यूस उतरला.”

“मी पिकअप काढतो नाना. नाशिकला न्यायला लागंल,” असं म्हणत केरू धावत सुटला. जाताना वाटेतल्या प्रत्येक दाराशी थांबून तो जावयाच्या पायाची बातमी देत गेला, हे त्याच्या आवाजावरून ओसरीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

नवसाबाई मात्र खऱ्या धीराच्या. पहिला धक्का ओसरला तशी त्यांनी लुगडं खोचलं, महेशची टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात घट्ट पकडला आणि गुडघा त्याच्या नडगीवर रोवला. “गाडी येईस्तोवर वाट कोण बघतंय? शिरा जागच्या हलल्यात. एक झटका देते, आपोआप आत जातील.”

“मेलो,” महेश म्हणाला.

“आत्या, सोडा तो पाय!” हर्षाली एवढ्या जोरानं ओरडली की निरांजन फडफडलं. “घोट्याच्या आतून नस गेलीय! पिवळी, ती बघा, सात नंबर. तिच्या शेजारी धमनी, पुढं दोन स्नायूंच्या दोऱ्या आणि मागं एक. तुम्ही तिथं पिळलंत तर चांगल्या पायाचं वाटोळं होईल!”

नवसाबाईंचे हात जागच्या जागी थांबले. “आणि हे तुला काय ठाव?”

“मीच काढलंय ते,” हर्षाली म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. “काल दुपारी. उद्या परीक्षा आहे माझी. मी नापास झालेय नाना. याच विषयात. तुम्ही पेढे वाटले त्या दिवशी सांगणार होते, पण तुम्ही ऐकलंच नाही, आणि मग मला धीर झाला नाही.”

नवसाबाईंनी महेशचा पाय हळूच परातीत ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी होता. खंडेरावांच्या मिशा थरथरल्या. आता हा माणूस काय बोलेल, या काळजीनं महेशला दरदरून घाम फुटला. बायको रडतेय, सासू रडतेय, आणि आपण दोन्ही पाय परातीत घेऊन पाटावर बसलोय. उठावं तर अपमान, बसावं तर आणखी अपमान.

“काय काय काढलंस?” खंडेराव शेवटी म्हणाले. आवाज दबलेला होता. “सांग बघू.”

“नाना...”

“सांग म्हणतो ना. एवढं माणसाच्या पायावर गिरवलंय ते येतंय का तरी बघू दे.”

हर्षालीनं नाक पुसलं. आधी अडखळत, मग सावरत ती सांगायला लागली. पोटरीचे स्नायू, त्यांची टाचेवर उतरणारी जाड दोरी, घोट्याशी होणारी गर्दी. “आणि ही पिवळी नस तळव्यात आली की तिला दोन फांद्या फुटतात. आतल्या बाजूची मोठी, ती अंगठ्याकडं जाते. बाहेरच्या बाजूची बारीक, ती करंगळीकडं.”

खंडेरावांनी चष्मा चढवला. वेलीचं खोड, खोडावरच्या आडव्या फांद्या म्हणजे ओलांडे, ओलांड्यावरच्या काड्या बघत चाळीस छाटण्या केलेला तो डोळा. त्यांनी घोट्यापासून पिवळ्या रेघेवर बोट धरलं आणि ते सावकाश खाली नेलं. डावा तळवाही गुदगुल्यांच्या बाबतीत अगदीच निर्दोष नव्हता, पण महेशनं दात आवळून ते सोसलं.

“मोठी फांदी अंगठ्याकडं जाते म्हणलीस.”

“हो.”

“मग ही जाड रेघ करंगळीकडं कशी गेली?”

हर्षालीनं बघितलं. परत बघितलं. मग पिशवीतून चोरून आणलेलं पुस्तक तिनं बाहेर काढलं आणि महेशच्या तळव्याशेजारी उघडं धरलं. जाड रेघ चित्रात उजवीकडं होती आणि महेशच्या तळव्यावरही उजवीकडंच होती. पण चित्रातला अंगठा उजव्या बाजूला आणि महेशचा डाव्या.

“पुस्तकातला पाय उजवा आहे,” ती पुटपुटली. “आणि ह्यांचा डावा.”

“डाव्या अंगाच्या बैलाला उजवीकडं जुंपल्यावर दुसरं काय व्हायचं?” खंडेराव म्हणाले.

“नाना!” हर्षालीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “मागच्या खेपेला सरांनी मला डावा पाय दिला होता. मी पानावर बघून पाठ केलं होतं. इकडची जाड, तिकडची बारीक. तेच सांगितलं. तशीच चुकले मी! आणि उद्या पुन्हा तसंच सांगणार होते.”

तिच्या डोळ्यांसमोर उद्याची सकाळ उभी राहिली असावी, कारण तिनं पुस्तक फटकन मिटलं.

“आता काय करू? हे पुसत नाही. दुसऱ्या पायाला ह्यांना गुदगुल्या होतात.”

खंडेराव क्षणभर परातीकडं बघत राहिले. मग त्यांनी काय करावं? धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, जावयाला पाटावरून उठवलं, स्वतः तिथं बसले आणि दोन्ही पाय लेकीसमोर लांब केले. भेगाळलेले, मातीनं कायमचे करडे झालेले ते तळवे. “काढ. डावा बी हे आन् उजवा बी हे. सगुणे, हळदी-कुंकवाचं ताट दे तिला.”

“अहो, पूजेचं आहे ते!”

“लक्ष्मीच काढून राहिली ना? मग पूजाच झाली.”

हळदीची नस आणि कुंकवाची धमनी. आधी डावा पाय, मग उजवा, मग पुसून पुन्हा डावा. चुकलं की सगुणाबाई ओल्या फडक्यानं पुसायची. हळद-कुंकू एका फडक्यात निघतं हे बघून महेशला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. घरात देवघरात दोन्ही डब्या होत्या, आणि आपण कारखान्यातून टाकीचा रंग आणला. खंडेराव मध्येच पाय अदलाबदल करून ठेवत, लेकीला फसवायला. पाचव्या खेपेपर्यंत ती फसायची थांबली. आधी अंगठा शोधायचा, मग बोलायचं, हे तिच्या अंगी बाणलं.

या सगळ्यात नवसाबाई एका बाजूला बसल्या होत्या. त्यांचं भाकीत खरं ठरलं होतं, आणि आता त्या तोंड उघडणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. केरूच्या मागं अर्धी वस्ती होती.

“कुठंय पेशंट?” केरू ओरडला.

हर्षालीनं आत्याकडं बघितलं. खंडेरावांनी बहिणीकडं बघितलं. आयुष्यात कुणापुढं हात न जोडलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या नजरेत विनवणी होती. नवसाबाई उठल्या. दारात गेल्या.

“काय बाजार लावलाय?” त्या कडाडल्या. “गाडी घे माघारी. शिरा हलल्या होत्या, मी बसवून दिल्या. दोन-चार दिवसांत पाय लख्ख होतोय का नाय बघा!”

दार लावून त्या आत आल्या आणि भावाला म्हणाल्या, “पेढा खाल्लाय तुझा, त्याला जागायला नको का? वाढा आता. धोंड्यांचे दगड झाले.”

सोमवारी सकाळी महेश कॉलेजच्या आवारात बाकड्यावर बसला होता, बूट-मोजे कसून घातलेला. दर पाच मिनिटांनी तो घड्याळ बघायचा, आणि मधल्या चार मिनिटांत घड्याळ बंद तर पडलं नाही ना ते बघायचा. अकरा वाजता हर्षाली बाहेर आली. तिचा चेहरा बघून त्याला काहीच समजेना.

“काय झालं? बोल लवकर, मला चक्कर येतेय.”

“सरांनी तोच प्लास्टिकचा पाय हातात दिला. मी आधी अंगठा बघितला आणि म्हटलं, सर, हा डावा आहे.” ती थांबली. “ते म्हणाले, शाब्बास. मागच्या खेपेला एवढंच बघायला हवं होतं.”

महेश त्या बाकड्यावर बसूनच रडला. येणारे-जाणारे विद्यार्थी त्याला नापास समजून पाठीवर थोपटून गेले.

निकाल लागला त्या संध्याकाळी खंडेराव निफाडला गेले आणि दुकानात पाच किलो पेढे सांगितले. वस्तीवर आल्यावर मात्र त्यांचे पाय अडखळले. सांगणार काय? पोरगी पास झाली म्हणून एकदा वाटून झाले होते. तीच पोरगी तेच वर्ष दुसऱ्यांदा पास झाली म्हणून कसे वाटायचे? ते बांधावर तसेच उभे राहिले. समोरून केरू आला.

“कशाचे पेढे नाना?”

“जावयाचा पाय बरा झाला,” खंडेराव म्हणाले.

पाच किलो पेढे त्यावर हां हां म्हणता संपले. नवसाबाईंनी स्वतः दोन घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात सायखेड्यापासूनची माणसं शिरा बसवून घ्यायला यायला लागली. हर्षाली पास झाली होती, खंडेरावांचं नाक शाबूत राहिलं होतं, सगळं छान झालं होतं.

फक्त महेशची काळजी वाढली. सहादू म्हणाला होता ते अगदी खरं निघालं, शाई तसूभर हलली नाही. आणि विंचूरला जायला रोज तोच रस्ता. वस्तीच्या फाट्यावर कुणी ना कुणी त्याची मोटरसायकल थांबवतंच. “जावईबापू, आत्यानं बरा केलेला पाय दाखवा की!” मग महेश गाडी स्टँडवर लावतो, भोवती जमलेल्या माणसांकडं बघतो, घाम पुसतो, आणि बूट काढून मुकाट्यानं उजवा पाय पुढं करतो. कुणीतरी हमखास तळव्याला बोट लावून बघतं, आणि महेश किंचाळत रस्ताभर नाचतो.

“बघा,” केरू सगळ्यांना सांगतो, “आधी हा पाय उचलत सुद्धा नव्हता!”